चमत्कार आणि देवाचे सार्वभौमत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, परभणी, लातूर या भागांतील ख्रिस्ती मंडळ्यांत, आणि मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांशी बोलतानाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या मुद्द्यांवर ख्रिस्ती पंथांचे एकमत नाही तेथे तसे सांगितले आहे. लेखकाचे मत कोणत्या बाजूला झुकते, तेही लपवलेले नाही.

चमत्कार नेमके कशाला म्हणायचे?

नवल वाटावे अशी प्रत्येक घटना चमत्कार ठरत नाही. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी चमत्काराची व्याख्या फार काटेकोर केली : निर्माण झालेल्या साऱ्या सृष्टीच्या शक्तीपलीकडचे जे घडते, आणि म्हणून देवाखेरीज दुसरा कोणी ज्याचा कर्ता असूच शकत नाही, तो चमत्कार. त्यांच्या कितीतरी आधी, पाचव्या शतकाच्या आरंभी, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टीन यांनी लिहिले होते की चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, निसर्गाविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध तो असतो. ज्याने निसर्ग घडवला त्याची इच्छा निसर्गाला परकी कशी असेल, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

शुभवर्तमानांतील, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतील, चमत्कारांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. भुकेल्यांना भाकर मिळते, कोढी शुद्ध होऊन पुन्हा गावात येतो, विधवेचा एकुलता मुलगा तिला परत मिळतो. या प्रत्येक कृत्यात देवाच्या राज्याची ओळख आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात काना गावी पाण्याचा द्राक्षारस करण्यापासून लाजराला मेलेल्यांतून उठवण्यापर्यंतची सात चिन्हे याच हेतूने मांडली आहेत. उलट हेरोद राजाला येशूकडून काहीतरी अद्भुत पाहण्याची हौस होती, तेव्हा येशूने त्याला एका शब्दानेही उत्तर दिले नाही, असे लूक सांगतो. करमणुकीखातर एकही चमत्कार शुभवर्तमानात नाही.

आणि सार्वभौमत्व?

देव हा सर्व सृष्टीचा अधिपती आहे, त्याच्या परवानगीवाचून काहीही घडत नाही, आणि त्याच्यावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालत नाही, हा विश्वास म्हणजे देवाचे सार्वभौमत्व. १५६३ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे तयार झालेल्या प्रश्नोत्तरीच्या सत्ताविसाव्या प्रश्नात याचा खुलासा आहे. पाऊस आणि दुष्काळ, पिकाची वर्षे आणि नापिकीची वर्षे, आरोग्य आणि आजार, संपत्ती आणि दारिद्र्य यांपैकी काहीही योगायोगाने येत नाही, ते देवाच्या पितृहस्तातूनच येते, असे तेथे म्हटले आहे.

टँकरच्या रांगेत हंडे लावून बसलेल्या माणसाला हे वाक्य सहज पचणारे नाही. पण ते प्रामाणिक आहे. तूर चांगली आली की देवाची कृपा आणि करपली की नुसते नशीब, अशी सोयीची वाटणी ते करू देत नाही.

सगळे देवाने ठरवलेलेच असेल, तर प्रार्थना कशासाठी करायची?

हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावर ख्रिस्ती विचारवंतांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. सुधारणावादी परंपरेने, म्हणजे सोळाव्या शतकातील सुधारक कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्या मंडळ्यांनी, असे शिकवले की देव घटनेचा शेवट जसा ठरवतो, तशी तिथे पोहोचण्याची साधनेही ठरवतो, आणि प्रार्थना हे त्यांपैकी एक साधन आहे. डच धर्मपंडित आर्मिनियस यांच्या अनुयायांना हे पटले नाही. मनुष्याच्या स्वतंत्र प्रतिसादाला देवानेच जागा ठेवली आहे, असे ते म्हणाले. हॉलंडमधील डॉर्ट येथे १६१८–१९ मध्ये भरलेल्या धर्मसभेत त्यांचे म्हणणे फेटाळले गेले, तरी पुढे मेथडिस्ट परंपरेने त्यांचाच सूर उचलला. रोमन कॅथलिक पंथात स्पॅनिश येशूसंघीय लुईस दे मोलिना यांनी १५८८ मध्ये तिसरी वाट सुचवली : कोणत्या परिस्थितीत कोणता मनुष्य स्वेच्छेने काय करील हे देवाला आधीच ठाऊक असते, आणि ते जाणूनच तो जगाची मांडणी करतो.

हा वाद आपल्या मंडळीच्या सभेत मिटेल असे नाही. मात्र पवित्र शास्त्रात एक प्रसंग आहे, जो वादापेक्षा जास्त उपयोगी पडतो. पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, आपण पृथ्वीवर पाऊस पाडणार आहोत, असे देव एलीया या संदेष्ट्याला आधीच सांगून ठेवतो. म्हणजे निर्णय झालेला आहे. तरीही एलीया कर्मेल डोंगराच्या माथ्यावर गुडघ्यांत डोके घालून बसतो आणि आपल्या चाकराला समुद्राकडे पाहायला सात वेळा पाठवतो. सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसतो. देवाचे वचन मिळाले म्हणून एलीयाने प्रार्थना सोडली नाही. वचन मिळाले होते म्हणूनच तो ती नेटाने करत राहिला. ठरलेल्या गोष्टीसाठीही मागावे लागते, किंबहुना देवाने ठरवले आहे या भरवशावरच मागता येते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रार्थनेने देवाचे मन वळवता येते का?

मागता येते, आज्ञा करता येत नाही. गथशेमाने बागेत येशूने स्वतः प्याला, म्हणजे समोर उभे असलेले दुःख आणि मरण, टळावा अशी विनंती केली आणि लगेच “तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” असेही म्हटले. “असे म्हणणे म्हणजे अविश्वास, प्रार्थना ठामपणे हक्काने करावी” असे शिकवणारे उपदेशक अलीकडे बरेच आढळतात; त्यांनी या प्रार्थनेचे काय करायचे ते सांगावे.

एकाच मंडळीत एकाच आजाराचे दोघे असतात. एक बरा होतो, दुसरा दगावतो. असे का?

कारण कळत नाही, आणि पवित्र शास्त्रही ते नेहमी सांगत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय उघडावा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. पुढे पेत्राला धरतो, आणि त्याला मात्र देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. दोघेही प्रेषित, दोघेही येशूच्या अगदी जवळचे. याकोबाचा विश्वास उणा होता किंवा त्याच्यासाठी कोणी प्रार्थना केली नाही, असा एक शब्दही लूक लिहीत नाही.

आपल्या भागातील वाचकाने लूकच्या चौथ्या अध्यायातील नासरेथचा प्रसंगही जरूर वाचावा. साडेतीन वर्षे आकाश बंद होते, देशभर मोठा दुष्काळ होता, इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीयाला त्यांच्यापैकी कोणाकडेही न पाठवता सीदोन प्रांतातील सारफथ येथील एका परदेशी विधवेकडे पाठवले गेले, अशी आठवण येशू आपल्याच गावकऱ्यांना करून देतो. इस्राएलात पुष्कळ कोढी होते, शुद्ध झाला तो सिरियाचा नामान. हे ऐकून गावकरी इतके संतापले की त्यांनी त्याला कड्यावरून लोटून द्यायला नेले. सार्वभौमत्वाचा हा भाग तेव्हाही रुचला नव्हता. देवाची कृपा कोणाच्या नात्यावर, गावावर किंवा मंडळीच्या सभासदत्वावर हक्काने मिळत नाही, एवढेच त्यातून निश्चित कळते.

याच दुष्काळात खुद्द एलीया ज्या करीथ ओहोळाचे पाणी पीत होता तो ओहोळही आटला, हे आपण सहसा वाचताना ओलांडून जातो. दुष्काळाची घोषणा करणाऱ्या संदेष्ट्यालाही त्यातून सूट नव्हती.

आजार बरा झाला नाही म्हणजे विश्वास कमी पडला, असे आम्हाला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

नाही. या पानावरील सर्व प्रश्नांत हा सर्वांत जास्त घरे दुखावणारा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

येशूने ज्यांना बरे केले त्या सर्वांचा विश्वास मोठा होता, हे मुळातच खरे नाही. बेथेसदा तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या मनुष्याला आपल्याला बरे करणारा कोण, हेही ठाऊक नव्हते. पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडणाऱ्या मित्रांचा विश्वास येशूने पाहिला, असे मार्क लिहितो. नाईन गावच्या विधवेने तर काही मागितलेही नव्हते, आणि लाजराच्या विश्वासाविषयी बोलायचे तर तो चार दिवसांपूर्वी मेलेला होता. झटके येणाऱ्या मुलाचा बाप येशूपुढे उभा राहून आपला विश्वास आहे असे म्हणतो आणि त्याच दमात आपला अविश्वास घालवून टाकण्याची विनवणी करतो. एवढ्या डळमळीत विश्वासावरही मुलगा बरा झाला.

उलट बाजूने पाहिले, तर विश्वासात कमी नसलेली माणसे आजारी राहिलेली दिसतात. प्रेषित पौलाने शरीरातील काट्याबद्दल, म्हणजे कायम सलणाऱ्या एका त्रासाबद्दल, तीनदा विनंती केली आणि “माझी कृपा तुला पुरे आहे” हे उत्तर त्याला मिळाले. काटा गेला नाही. त्याच पौलाने त्रफिमाला मिलेत येथे आजारी सोडले आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी व वरचेवरच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे झाल्याचे कृत्यांत नमूद आहे, त्याच प्रेषिताची ही पत्रे आहेत.

यावर नासरेथचे उदाहरण पुढे केले जाते : तेथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूने फारसे चमत्कार केले नाहीत. पण तेथील अविश्वास म्हणजे रुग्णाच्या मनातली चलबिचल नव्हे. हा तर आपल्यातलाच सुतार, असे म्हणून सबंध गावाने त्याला नाकारले होते. शिवाय तेथेही काही रोगी बरे झालेच, असे मार्क त्याच वाक्यात सांगतो.

अंथरुणाला खिळलेल्या बाईला “ताई, तुमचाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय” असे म्हणणारा उपदेशक तिच्या आजारावर अपराधाचे ओझे चढवतो. निरपराध असून दुःखात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले होते, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर आहे, ईयोबावर नाही.

डॉक्टरकडे जाणे, औषधे घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे आहे का?

मुळीच नाही. हिज्कीया राजा मरणास टेकला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य वाढवून दिले. आणि त्याच कथेत यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिराचे पोटीस बांधायला सांगतो. देवाचे वचन मिळाल्यानंतर पोटीस कशाला, असे कोणी विचारले नाही. १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात हाच विचार नेमक्या शब्दांत आला आहे : देव आपल्या नेहमीच्या कारभारात साधनांचा उपयोग करतो, तरी साधनांवाचून, साधनांच्या पलीकडे आणि साधनांच्या विरुद्धही काम करण्यास तो मोकळा आहे. तेव्हा शासकीय रुग्णालयातून मिळालेली क्षयरोगाची गोळी आणि मंडळीतल्या वडिलांनी (म्हणजे ज्येष्ठ सेवकांनी) तेल लावून केलेली प्रार्थना यांत निवड करायची नसते. याकोबाच्या पत्रात आजारी माणसाने वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. वैद्याला हाकलून द्यावे असे कोठेही नाही. लूकाला तर पौल “प्रिय वैद्य” म्हणतो.

मराठवाड्यातील मंडळ्यांचा इतिहासही हेच सांगतो. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली, आणि स्कॉटिश मिशनच्या कामातून जालन्यात मिशन हॉस्पिटलही उभे राहिले. तेथे प्रार्थना होत असे आणि शस्त्रक्रियाही होत असे. दोन्हींत कोणाला विसंगती वाटली नाही.

व्यवहाराची सूचना स्पष्टच द्यायला हवी. प्रार्थनेनंतर बरे वाटू लागले तरी क्षयरोगाची औषधे, मधुमेहाचे इन्सुलिन, फिट्सच्या किंवा मनोविकाराच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. देवाने खरोखर बरे केले असेल तर तपासणीत ते दिसेलच. येशूनेही कोढ्याला शुद्ध केल्यावर याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले होते, आणि त्या काळी तीच अधिकृत तपासणी होती.

मार्कच्या सोळाव्या अध्यायात विश्वास ठेवणारे “सर्प उचलतील” असे आहे. मग साप चावला तर प्रार्थना पुरेशी नाही का?

सोयाबीनच्या काढणीत किंवा रात्री पिकाला पाणी देताना नाग, घोणस, मण्यार यांपैकी काहीही पायाखाली येऊ शकते, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे केवळ चर्चेचा नाही. पहिली गोष्ट अशी की मार्कच्या शेवटच्या अध्यायातील नवव्या ओवीपासूनचा भाग सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, म्हणजे सिनाय येथे सापडलेल्या आणि व्हॅटिकन येथील प्रतींत, आढळत नाही. म्हणून बहुतेक अभ्यासक त्यावर एकट्यावर कोणतीही शिकवण उभारत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की मिलिता बेटावर पौलाच्या हाताला विषारी सापाने विळखा घातला आणि त्याला काही झाले नाही, हे खरे. पण तो साप त्याने मुद्दाम हाती घेतला नव्हता, तो शेकोटीसाठी काटक्या गोळा करत होता. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी मारून देवाचे संरक्षण सिद्ध कर, असे सैतान म्हणाला तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये, असे येशूने त्याला उत्तर दिले.

साप चावलेल्या माणसाला तत्काळ प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी देव कोठे होता?

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, या घरबांधणीमुळे जीवितहानी इतकी वाढली. म्हणजे घटनेचे कारण एका अर्थी ठाऊक आहे. विचारणाऱ्याला ते कारण नको असते, हेही खरे.

या प्रश्नावर ख्रिस्ती शिकवण तीन गोष्टी सांगते आणि चौथी सांगत नाही. देव असहाय नव्हता. मेलेले लोक वाचलेल्यांपेक्षा अधिक पापी नव्हते : शिलोहातील बुरूज पडून अठरा जण मेले त्यांच्याविषयी येशूने हेच म्हटले आहे, आणि आपत्तीनंतर “पापाची शिक्षा” म्हणून फिरणाऱ्या प्रत्येक उपदेशकाने तो उतारा पाठ करावा. तिसरे असे की देव दुःखाच्या बाहेर उभा राहून पाहणारा नाही, कारण ख्रिस्ती विश्वासाच्या केंद्रस्थानी वधस्तंभावर मेलेला देवाचा पुत्र आहे. पण त्याच पहाटे, त्याच गावांवर, का, याचे उत्तर कोणापाशीही नाही. काही आधुनिक धर्मपंडित देवाने आपले सामर्थ्य स्वतःहून मर्यादित केले आहे असे सांगून ही अडचण सोडवू पाहतात. मला तो मार्ग पटत नाही, कारण अशा देवाकडे पुढच्या संकटात धाव घेण्याचेही कारण उरत नाही. आपले उत्तर अपुरे वाटते, आणि ते अपुरेच आहे. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर त्यांचे बरोबर चालले होते.

पावसासाठी प्रार्थना केली, पाऊस आला नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी मात्र आले. याला प्रार्थनेचे उत्तर म्हणायचे का?

म्हणता येईल, चमत्कार मात्र म्हणता येणार नाही. टाक्यांचे डबे, पंप, रेल्वेचे कर्मचारी आणि पाणी देणारे सांगली भागातील लोक, ही सारी साधने होती. देव साधनांतून पुरवठा करतो यालाच ईश्वरी तरतूद म्हणतात. रोजच्या भाकरीची प्रार्थना करणाऱ्याला भाकर आकाशातून पडावी अशी अपेक्षा नसते. मात्र या शिकवणीचा आडोसा घेऊन पाणी उपशाचे, उसाच्या क्षेत्राचे आणि नियोजनाचे प्रश्न देवावर ढकलणे बरोबर नाही. देव सार्वभौम आहे म्हणून माणसाची जबाबदारी कमी होत नाही; येशूच्या मृत्यूविषयी बोलताना पेत्राने देवाची ठाम योजना आणि माणसांचा अपराध, दोन्ही एकाच वाक्यात सांगितले आहेत.

विज्ञानाच्या युगात चमत्कार मानणे शक्य आहे का?

याबाबतचा सर्वांत गाजलेला आक्षेप स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४८ मध्ये मांडला. निसर्गनियमांच्या बाजूने सर्व मानवजातीचा अनुभव उभा असतो, म्हणून साक्षीदार चुकला किंवा खोटे बोलला असण्याची शक्यता चमत्कार घडल्याच्या शक्यतेपेक्षा नेहमीच जास्त धरावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. रोजच्या व्यवहारासाठी हा सल्ला उत्तम आहे आणि ख्रिस्ती माणसानेही तो पाळावा. ऐकीव चमत्कारांपैकी बहुतेक याच चाळणीत गळून पडतात. पण “नेहमीच” हा शब्द टिकत नाही. सर्वांचा अनुभव एकसारखा आहे असे म्हणण्यासाठी, ज्यांनी वेगळे पाहिल्याचे सांगितले त्यांची साक्ष आधीच बाद धरावी लागते, आणि वाद तर त्याच साक्षीवर चाललेला असतो. खरा मतभेद देव आहे की नाही यावर आहे. विज्ञान सृष्टी नेमाने कशी चालते ते शोधते. तो नेम कोणी लावला, आणि लावणारा त्याला बांधलेला आहे का, हे प्रयोगशाळेत तपासता येत नाही.

पैठणच्या रेड्याने वेद म्हटले, औंढ्याचे देऊळ नामदेवांसाठी फिरले, या कथा आणि येशूचे चमत्कार यांकडे ख्रिस्ती माणसाने कसे पाहावे?

प्रथम आदराने. ज्ञानेश्वरांच्या कथेत ब्रह्मवृंदाच्या गर्वाला आणि नामदेवांच्या कथेत देवळाबाहेर काढणाऱ्यांना जे उत्तर मिळते, ते मराठी माणसाच्या मनात शेकडो वर्षे का रुजले, हे समजून घेतल्याशिवाय या विषयावर तोंड उघडू नये. त्या कथांची टिंगल केल्याने येशूच्या चमत्कारांची किंमत वाढत नाही.

सिद्धांताच्या दृष्टीने पवित्र शास्त्र असे म्हणत नाही की इस्राएलाबाहेर काही अद्भुत घडूच शकत नाही. मिसरच्या जादूगारांनीही मोशेसमोर काही कृत्ये करून दाखवली होती. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात तर सांगितलेले चिन्ह खरे ठरले तरी त्या संदेष्ट्याच्या मागे जाऊ नका, असा इशारा आहे, जर तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल. म्हणजे ख्रिस्ती माणसासाठी चमत्कार हा सत्याचा एकमेव पुरावा नाही. आपला विश्वास एका ऐतिहासिक दाव्यावर उभा आहे, तो म्हणजे येशूचे पुनरुत्थान. ते झाले नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांना लिहिले आहे.

चमत्कारांचे युग प्रेषितांबरोबर संपले का?

येथे पंथापंथांत फरक आहे. अमेरिकी धर्मपंडित बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये, चमत्कार करण्याचे दान प्रेषितांना त्यांच्या अधिकाराची खूण म्हणून मिळाले होते आणि ते त्यांच्याबरोबर संपले, असे मांडले. पेंटेकॉस्टल मंडळ्या नेमके उलट मानतात. त्यांची चळवळ १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर जोमाने पसरली, पण त्याच्या आदल्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये संजीवनाचा, म्हणजे सामूहिक आध्यात्मिक जागृतीचा, मोठा अनुभव आला होता, हे महाराष्ट्रात तरी विसरले जाऊ नये. रोमन कॅथलिक पंथ, ज्याचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला, चमत्कार आजही घडतात असे मानतो, मात्र त्यांची कसून चौकशी करतो. फ्रान्समधील लूर्द येथे १८५८ पासून भाविक जातात. बरे झाल्याचे हजारो दावे नोंदले गेले, त्यांपैकी २०१८ पर्यंत केवळ ७० चमत्कार म्हणून मान्य झाले.

ऑगस्टीन यांचा अनुभव येथे बोलका आहे. तरुणपणी त्यांनी असे चमत्कार आता घडत नाहीत असे लिहिले होते. उतारवयात, बिशप असताना, आपल्याच नगरात दोन वर्षांच्या आत सुमारे सत्तर घटनांच्या लेखी नोंदी झाल्याचे त्यांनी नमूद केले. देव आज चमत्कार करू शकत नाही असे म्हणणे सार्वभौमत्वाला धरून नाही, आणि त्याने केलेच पाहिजेत असे म्हणणे तर त्याहून नाही.

मैदानावर होणाऱ्या “चंगाई महोत्सवां”ना जावे का?

जाण्यापूर्वी पोस्टर नीट वाचावे. अमुक तारखेला, अमुक वाजता आंधळे पाहतील आणि लंगडे चालतील, असे छापलेले असेल, तर पोस्टर छापणाऱ्याने देवाच्या वतीने वेळ ठरवून टाकली आहे. सार्वभौमत्वाचा इतका उघड नकार एखाद्या नास्तिकालाही जमत नाही. प्रार्थनेसाठी पैसे, तेलाची बाटली, रुमाल किंवा “बीज अर्पण” (पुढे पटीने परत मिळेल असे सांगून घेतलेले दान) मागितले जात असेल तर तेथून उठावे. नामान बरा झाल्यावर त्याला बरे होण्याची वाट दाखवणाऱ्या अलीशा संदेष्ट्याने काहीही घेतले नाही. त्याचा चाकर गेहजी मागे धावत जाऊन रुपे व पोशाख घेऊन आला, आणि नामानाचे कोड त्यालाच लागले. शिष्यांना पाठवताना येशूने सांगितले, “तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या.”

कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे, लोकांना फसवणे हा गुन्हा आहे. सर्पदंश किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे तुरुंगवास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी आहे. काहींना हा कायदा आपल्या धर्माविरुद्ध वाटतो. नीट वाचला तर साध्या प्रार्थनेला त्यातून काही बाधा येत नाही, आणि गेहजीला येत असेल तर येऊ द्यावी.

अंगात येणे, भूतबाधा यांवर काय करावे?

येशूने भुते काढली, हे शुभवर्तमान सांगते. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त, फेफरेकरी आणि पक्षाघाती यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत, तेव्हा प्रत्येक आजार भुताच्या माथी मारण्यास आधार नाही. मनोविकारतज्ज्ञाला आधी दाखवावे. मारहाण, साखळीने बांधणे, उपाशी ठेवणे हे कोणत्याही प्रार्थनेचा भाग होऊ शकत नाही. असे होताना दिसल्यास पोलिसांत कळवावे, करणारा आपल्या मंडळीचा असला तरी.

आम्हाला खरोखर बरे वाटले आहे. मंडळीत साक्ष द्यावी का?

अवश्य द्यावी, पण जे झाले तेवढेच सांगावे. कोणता आजार होता, किती दिवस होता, कोणते उपचार चालू होते, तपासणीत काय बदल दिसला, हे साध्या शब्दांत सांगावे; डॉक्टरांनी हात टेकले नसतील तर टेकले असे म्हणू नये, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर ती गाळू नये. आजार परतला, तर तेही पुढच्या साक्षीत सांगण्याची तयारी असावी. सभेत त्याच आजाराचे दुसरे कोणी बसलेले असेल याची जाणीव ठेवावी, आणि पाळकांनी साक्षीनंतर त्या व्यक्तीच्या घरी जाऊन यावे. साक्षीची चित्रफीत मोबाइलवर पुढे पाठवायची असेल तर रुग्णाची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घ्यावी. मुलांच्या बाबतीत ती शक्यतो पाठवूच नये.